गुरुवारची सुट्टी आणि शब्बाथाची आज्ञा

भोसरी_फर्स्टशिफ्ट
मंडळी, सलाम. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आईने आणली.

मी भोसरीला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, रविवारी नाही. आधी एका दुकानाच्या स्टोअरमध्ये होतो तिथे रविवार मिळायचा, जूनपासून इथे लागलो, पगार बरा आहे, पीएफ कापतात, फक्त रविवार गेला.

आम्ही मराठी मंडळीतले, प्रॉटेस्टंट, राहायला घोरपडीत. रविवारची उपासना साडेआठला. परवाच्या रविवारी पहाटे पाचला मी युनिफॉर्म चढवतोय, आई पांढऱ्या साडीला इस्त्री करतेय, आणि ओट्यावर डबा नाही. विचारलं तर म्हणाली शब्बाथ मोडणाऱ्याचा डबा मी भरणार नाही, चौथी आज्ञा संडेस्कूलमध्ये तूच घडाघडा म्हणून दाखवली होतीस, कंपासपेटी मिळाली होती बक्षीस, अजून माळ्यावर आहे. आता यावर काय बोलणार. कँटीनचा वडापाव खाल्ला. संध्याकाळी आलो तर मामा-मामी जेवून गेलेले, कामाच्या मावशी दुसऱ्यांदा येऊन भांड्यांचा ढीग घासत होत्या आणि आई माझ्याशी बोलेना.

तर प्रश्न असा की ख्रिस्ती शिकवणीत या आज्ञेचा, म्हणजे शब्बाथ हा विसाव्याचा दिवस पवित्र पाळ याचा, अर्थ नेमका काय धरतात? दिवस महत्त्वाचा की विसावा? मी गुरुवारी बायबल वाचलं, प्रार्थना केली, आराम केला तर तो माझा शब्बाथ होतो की दर आठवड्याला आज्ञा मोडतोय? कृपया 'नोकरी बदल' सांगू नका, ईएमआय आहे.

क्वार्टरगेटकर
आधी एक दुरुस्ती. चौथी आज्ञा म्हणजे आईबापांचा मान राख. शब्बाथाची तिसरी.

भोसरी_फर्स्टशिफ्ट
नाही हो, चौथीच. मला कंपासपेटी मिळालीय.

क्वार्टरगेटकर
अरे आम्ही कॅथलिक, आमची मोजणी वेगळी. मूर्ती करू नको ही आम्ही पहिलीतच धरतो आणि शेवटची लोभाची आज्ञा फोडून दोन करतो, शेजाऱ्याची बायको वेगळी, शेजाऱ्याची मालमत्ता वेगळी. ऑगस्टीनपासूनची पद्धत आहे, ल्यूथरवालेही तशीच मोजतात. तुम्ही बाकीचे प्रॉटेस्टंट आणि यहुदी लोक शब्बाथाला चौथी म्हणता. बायबलात आज्ञा दहा आहेत एवढंच म्हटलंय, नंबर घालून दिलेले नाहीत.

म्हणजे तुझी गोची अशी, की रविवारी कामावर गेलास तर तुमची चौथी मोडते, आणि त्यावरून आईशी भांडलास तर आमची.

शंकासुर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मी ख्रिस्ती नाही पण एक बाळबोध शंका. त्या आज्ञेत 'सहा दिवस काम कर' असंही आहे ना? मग पाच दिवसांचा आठवडा असलेले हिंजवडीवाले कुठली आज्ञा मोडतात?

हिंजवडी_फेज३
आम्ही शनिवारी रिलीज करतो आणि रविवारी तो रोलबॅक करतो. सात दिवस भरतात, काळजी नसावी.

संडेस्कूल_खडकी
@भोसरी, सलाम. मी तीस वर्षं संडेस्कूल घेतलं, कंपासपेट्या वाटणाऱ्यांतलाच मी, तेव्हा तुझ्या डब्याची थोडी जबाबदारी माझ्यावरही येते.

ही आज्ञा बायबलात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय, हे पाठ करून घेताना आम्ही सांगत नाही. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीचं. देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मोशे तीच आज्ञा परत सांगतो तेव्हा सृष्टीचं नावच घेत नाही, म्हणतो तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. ज्या माणसाला तिथे एक दिवसही मोकळा मिळत नव्हता त्याला हे सांगितलंय, की उद्या तुझी शेतीवाडी होईल, तुझ्याकडे माणसं राबतील, तेव्हा हे विसरू नको. आणि मग यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव, बाकीची गुरं, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. तुझ्यासारखाच तुझ्या दासादासींनाही विसावा मिळावा अशा अर्थाचे शब्द अनुवादात मुद्दाम जोडलेत, निर्गमात ते नाहीत.

हिब्रूत त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे थांबणे. आणि एकत्र जमून उपासना करा असं या आज्ञेत कुठेही नाही, उघडून बघ. दिवस पवित्र पाळ आणि काम थांबव, एवढंच.

येशूचं म्हणशील तर त्याची आणि परूश्यांची, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांची, निम्मी भांडणं याच दिवसावरून झालीत. शिष्यांना भूक लागली, शेतातून जाताना कणसं मोडून खाल्ली, यांनी आरडाओरडा केला. तेव्हाचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. मला मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातली अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई जास्त आठवते. तिला त्याने सभास्थानात शब्बाथाच्याच दिवशी सरळ उभं केलं, तर तिथला अधिकारी लोकांना म्हणतो, सहा दिवस आहेत की कामाचे, तेव्हा या बरे व्हायला! अगदी आपल्याकडच्या खिडकीवरचा कारकून. येशूने विचारलं, तुम्ही शब्बाथाला बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता ना?

उत्तर असं एका ओळीत देत नाही. आधी हे वाच.

सातवा_दिवस_औंध
शांतपणे सांगतो, राग मानू नका. तुमची आईसुद्धा शब्बाथ पाळत नाहीये. आज्ञेत सातवा दिवस म्हटलंय, सातवा म्हणजे शनिवार. आम्ही अ‍ॅडव्हेंटिस्ट शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळतो. शनिवार बदलून रविवार करा असं येशूने सांगितल्याचं एक वचन दाखवा, मी उद्यापासून रविवारी येतो तुमच्याकडे. रविवारच्या सुट्टीचा कायदा केला कॉन्स्टंटाईन बादशहाने, इ.स. ३२१ मध्ये. फर्मानात शब्द आहे सूर्याचा दिवस. शहरातल्या लोकांनी आणि न्यायाधीशांनी काम बंद ठेवावं, शेतकऱ्यांना सूट. आता बादशहाचं ऐकायचं की देवाचं ते तुम्ही ठरवा.

मी नुसता बोलत नाहीये. शेवटच्या वर्षाचा एक पेपर शनिवारी आला म्हणून मी तो दिला नाही आणि वर्ष घालवलं. घरचे अजून ऐकवतात.

संडेस्कूल_खडकी
वर्ष घालवलंस, त्याबद्दल खरंच आदर आहे, माझ्याच्याने झालं नसतं. पण सगळं कॉन्स्टंटाईनच्या माथी मारू नको. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात विसाव्या अध्यायात लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेत. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने इ.स. १५० च्या सुमारास रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलंय, फर्मानाच्या कितीतरी आधी. कारण पुनरुत्थान पहिल्या दिवशी झालं. आणि प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात लिहितो की सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये.

तुझं एक मान्य. त्या पहिल्या लोकांना रविवारची सुट्टी नव्हतीच, रोमी राज्यात तो साधा कामाचा दिवस. प्लिनी नावाचा गव्हर्नर होता, तो इ.स. ११२ च्या आसपास बादशहा ट्राजनला पत्र लिहून कळवतो की हे ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात. त्याने चौकशीसाठी ज्या दोन सेविकांचे हाल केले त्या दास्या होत्या, हेही त्यानेच लिहिलंय. उजाडायच्या आत का, तर पुढे दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबायचं असणार, असा अर्थ बरेच जण लावतात. भोसरी, तुझीच फर्स्ट शिफ्ट.

सातवा_दिवस_औंध
कलस्सैतले शब्बाथ म्हणजे सणांचे शब्बाथ, साप्ताहिक नव्हेत. पण यावर आपण मागच्या धाग्यावर दोनशे प्रतिसाद भांडलोय, माझा पास.

रास्तापेठी
कोणी बोलावलं नाही तरी येते, कारण ही आज्ञा मुळात आमच्याकडून उसनी नेलीत आणि परत करायचं नाव नाही :)

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे. गावाला यांचा धर्म कुठला ते कळत नव्हतं पण शनिवारी यांचा घाणा बंद असतो एवढं दिसत होतं, म्हणून नाव पडलं शनवार तेली. बघा, एका आज्ञेवरून अख्ख्या समाजाला नाव.

माझी आजी इथे रास्ता पेठेत, सिनेगॉगपासून चार घरांवर. शुक्रवारी दुपारपासून तिची जी पळापळ चालायची ती बघून वाटायचं हिला शब्बाथ आहे की शिक्षा. सूर्य बुडायच्या आत स्वयंपाक करून झाकायचा, पाण्याची पिंपं भरायची, आमच्या आंघोळी उरकायच्या, मग दोन दिवे लावायचे. दोनच का, तर निर्गमात शब्द आहे 'आठवण ठेव' आणि अनुवादात आहे 'पाळ', एकेका शब्दाचा एकेक दिवा असं सांगतात. आणि शनिवारी मात्र ती खरोखर काही म्हणजे काही करायची नाही. हात मांडीवर ठेवून खिडकीत बसायची. समोरच्या वाड्यातल्या काकू दर वेळी विचारायच्या, बरं नाही का हो?

धागाकर्त्यांसाठी, आमच्याकडे निषिद्ध कामांचे ३९ प्रकार मोजलेत. सीएनसी त्यात नाही पण 'शेवटचा हातोडा' आहे, म्हणजे वस्तू पुरी करणारा शेवटचा घाव. तुमचं जॉब फिनिशिंग त्यात बसतं, सॉरी. मात्र कोणाचा जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडलाच पाहिजे, तिथे विचार करत बसायला परवानगी नाही.

भोसरी_फर्स्टशिफ्ट
शेवटचा हातोडा! हे उद्या सुपरवायझरला सांगणार.

इतिहास_आंबेगाव
अवांतर होतंय पण राहवत नाही. रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी आपल्यावर लादली असा बऱ्याच जणांचा समज असतो. गिरणी कामगारांना ती फुकट मिळालेली नाही. साहेब रविवारी चर्चला जायचा तेव्हा गिरणीचा भोंगा वाजतच होता. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, घराणं मूळचं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, कामगारांच्या सभा घेतल्या, निवेदनं दिली, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचं सांगतात.

शंकासुर
म्हणजे रविवार रोमच्या सूर्याचा, येशूच्या पुनरुत्थानाचा, जेजुरीच्या खंडोबाचा आणि मटणाचा. शेवटच्या मुद्द्यावर सर्वधर्मसमभाव.

संडेस्कूल_खडकी
मटणावरून आठवलं, नहेम्याच्या पुस्तकात मासळीबाजार आहे. सोरचे व्यापारी शब्बाथाला यरुशलेमात मासे विकायचे. नहेम्याने आदल्या संध्याकाळीच वेशीचे दरवाजे लावून घेतले. ते बिचारे एकदोनदा रात्रभर वेशीबाहेर माल घेऊन बसले, मग याने दम दिला की परत दिसलात तर हात टाकीन. तेराव्या अध्यायात आहे, मुलांना फार आवडतो.

विश्वासात_खंबीर
मासे, मटण, खंडोबा. वाचून वाईट वाटलं. सगळे मिळून त्या मुलाला पळवाट काढून देताय. आज्ञा म्हणजे आज्ञा, ती सोयीने पाळायची नसते. स्कॉटिश धावपटू एरिक लिडल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत म्हणून धावला नाही, लोकांनी नावं ठेवली तरी धावला नाही. देवाने त्याला चारशे मीटरचं सुवर्णपदक दिलं. आज आपल्याला पंधराशे रुपये जास्त मिळाले की रविवार विकायला तयार. आईने डबा दिला नाही ते योग्यच केलं. अशा आया आता राहिल्या नाहीत.

भोसरी_फर्स्टशिफ्ट
लिडलला रविवारच्या बदल्यात चारशे मीटर मिळाली, फायनल शुक्रवारी. मला रविवारच्या बदल्यात मेमो मिळतो. आणि पंधराशे नाही, साडेचार हजार.

विश्वासात_खंबीर
आकडा वाढल्याने मुद्दा बदलत नाही.

जुनी_सिस्टर
मी इथे फारशी लिहीत नाही, टायपिंगला वेळ लागतो. पण चौतीस वर्षं नर्सिंग केलं आणि त्यातले निम्मे रविवार वॉर्डात गेले म्हणून लिहिते.

एका ईस्टरला माझी नाइट होती. पहाटेची उपासना चुकणार म्हणून मी रडवेली झाले होते. पाचच्या सुमारास सासवडकडच्या एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या, त्यांनी हाक मारली. मला वाटलं दुखतंय. तर म्हणाल्या पोरी, आज रविवार, गावाकडची माणसं बघायला येतील, माझी वेणी घालून दे. केसांचा नुसता गुंता झालेला, आठ दिवस फणी नव्हती लागली. मी खोबरेल तेल लावून एकेक बट सोडवत बसले, अर्धा तास गेला असेल, बाहेर उजाडलं. ते काम होतं का उपासना होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण खंबीर यांच्यासारखंच उलट टोकाचंही मला पटत नाही. सेवा आहे, दयेचं काम आहे, येशूनेही शब्बाथाला लोकांना बरं केलं, हे वचन आमच्याकडे कधी ऐकवायचे माहीत आहे का? आम्ही ऑफ मागितला की. सलग अकरा दिवस ड्यूटी करून मी एक रविवार मागितला तर लूकचा तोच तेरावा अध्याय मला ऐकवला, आणि ऐकवणाऱ्या बाई स्वतः दर रविवारी साडेआठला उपासनेत पहिल्या बाकावर. तेव्हापासून ती वाकलेली बाई मी ऐकली की मला वाटतं, तिच्या कमरेचं दुखणं अठरा वर्षं कोणाकडे काम करून आलेलं असेल.

संडेस्कूल_खडकी
सिस्टर, हे मला कधी सुचलं नव्हतं. सलाम.

क्वार्टरगेटकर
सिस्टर +१.

@भोसरी, आमच्या शिकवणीत रविवारी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, चुकवणं आणि बिनगरजेचं काम करणं हे चुकीचंच, त्यात शंका नाही. पण घरची गरज आणि लोकांची मोठी सेवा यासाठी माणूस विसाव्याच्या बंधनातून मोकळा होतो असं कॅटेकिझममध्येच, म्हणजे आमच्या शिकवणीच्या पुस्तकात, लिहिलंय, फक्त याची सवय लागू देऊ नये म्हणतात. शिवाय शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून ये आमच्याकडे. ख्रिस्तशरीर मिळणार नाही, पण बसायला जागा मिळेल आणि फादरचं प्रवचन बारा मिनिटांच्या वर जात नाही.

हिंजवडी_फेज३
बारा मिनिटं??? पत्ता द्या.

पोळीभाजी_कोथरूड
मी ख्रिस्ती नाही, दहा आज्ञा नीट आजच वाचल्या, तेव्हा चुकलं तर सांगा. पण धागा वरून खाली दोनदा वाचला आणि एक गोष्ट कोणालाच कशी दिसली नाही?

पहिल्या पोस्टमध्ये आहे, 'कामाच्या मावशी दुसऱ्यांदा येऊन भांड्यांचा ढीग घासत होत्या'. रविवारी. दुसऱ्यांदा. आणि संडेस्कूल काकांनी यादी दिली त्यात दासी आहे. इथे कॉन्स्टंटाईन झाला, प्लिनी झाला, ऑलिंपिक झालं, आणि त्या घरात शब्बाथ मोडणारा म्हणून सगळ्यांना एकटा मुलगा सापडला.

दुसरं, त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, बैल आहे, गाढव आहे. बायको नाही, आई नाही. मामा-मामींचं जेवण कोणी केलं?

शंकासुर
पॉपकॉर्न खाली ठेवलं.

हिंजवडी_फेज३
आम्ही दर रविवारी उपासनेहून येताना अ‍ॅपवरून बिर्याणी मागवतो. आणणारा पोरगा बहुतेक वेळा बीड नाहीतर लातूरकडचा असतो. वेशीच्या आतला परका. आता ऑर्डर करताना हे आठवणार, धन्यवाद ताई, वाट लावलीत रविवारची.

रास्तापेठी
बायको यादीत का नाही, तर 'तू' म्हटलं की त्यात नवराबायको दोघंही येतात असं आमच्यात समजावून सांगतात. आजीला आजोबांनी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, येतात ना दोघं, मग शुक्रवारची भाजीही दोघांनी निवडू.

विश्वासात_खंबीर
विषय भरकटतोय. मोलकरणीला सुट्टी द्यायची की नाही हा सामाजिक प्रश्न झाला. इथे प्रश्न देवाच्या दिवसाचा आहे.

पोळीभाजी_कोथरूड
यादी देवाच्याच आज्ञेत आहे ना? मी नाही घातली.

संडेस्कूल_खडकी
पोळीभाजी ताई, खरं सांगतो. ती यादी मीच टाइप केली आणि पुढे गेलो. आमच्याकडेही रविवारी बाई येतात. उपासनेहून परत येईपर्यंत त्यांचं आवरून झालेलं असतं त्यामुळे दिसत नाहीत, चावी शेजारी ठेवलेली असते. तीस वर्षं मुलांना शब्बाथाचं चित्र रंगवायला दिलं, त्यात झाडाखाली बसलेलं कुटुंब आणि बाजूला बैल. बैल सगळे आवडीने रंगवायचे.

शिरूरकर
बैलाचं निघालंच आहे तर, आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, अंघोळ, झूल, पुरणपोळी. पण ते वर्षातून एकदा. बायबलात बैलाला आठवड्याला सुट्टी आहे हे आमच्या गोठ्यात कोणी बोलू नका, युनियन काढतील.

बादवे पोळ्याच्या दिवशी बैलाला सुट्टी असते आणि घरातल्या बायका पहाटे चारपासून पुरण वाटत असतात. वरचं वाचल्यावर हे आत्ता डोक्यात आलं.

क्वार्टरगेटकर
धागाकर्ते कुठे गायब? आईने मोबाईल काढून घेतला वाटतं.

भोसरी_फर्स्टशिफ्ट
आहे आहे. ओव्हरटाइम चालू होता.

अपडेट देतो. गुरुवारी घरी होतो तेव्हा आईला धागा वाचून दाखवला, सगळा नाही, थोडा थोडा. खंबीर यांच्यावर आई बेहद्द खूश, हा माणूस कुठल्या मंडळीतला ते विचार म्हणाली. सिस्टरांची वेणी ऐकून डोळे पुसले. पोळीभाजी ताईंचं वाचलं तेव्हा काहीच बोलली नाही, उठून गॅस बारीक करून आली. गॅसवर काही नव्हतं.

पाळकसाहेबांना पण विचारलं. ते म्हणाले आज्ञा मोडतोस असं मी म्हणणार नाही, पण मंडळीशिवाय एकटाच गुरुवार पाळत बसलास तर वर्षभरात तू नुसता झोपायला लागशील, माझा अनुभव आहे. गुरुवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असते तिला ये, आणि महिन्यातून एक रविवार कंपनीकडे मागून बघ, मी लेटरहेडवर पत्र देतो. पत्र दिलंय एचआरला. त्यांनी विचारलं, रविवारीच का, गुरुवारी चर्च बंद असतं का? कप्पाळ.

डब्याचं सांगायचं राहिलं. या रविवारी ओट्यावर डबा होता, रिकामा. शेजारी शनिवारी रात्रीच केलेली गवारीची भाजी कढईत आणि चपात्या फडक्यात. आई इस्त्री करता करता म्हणाली, तू भरून घे, मी भरणार नाही म्हटलं होतं ते म्हटलं होतं.

आणि मावशी. आईने शुक्रवारी त्यांना सांगितलं की रविवारी येऊ नका, पगार कापणार नाही. मावशी घाबरल्याच आधी, त्यांना वाटलं दुसरी बाई बघितली. मग म्हणाल्या, ताई, रविवार नको. रविवारी बाकीच्या चार घरी सगळी माणसं घरात, भांडी दुप्पट, मला इकडे यायचंच असतं. एका घरची सुट्टी घेऊन मी काय पुलाखाली बसू? द्यायचीच तर गुरुवारी द्या, गुरुवारी तसंही बऱ्याचदा पाणी नसतं, आणि गुरुवारी अजून दोन घरं सोडतात, दुपारची तरी घरी जाईन. आई म्हणाली बरं, गुरुवार. ठरलं.

म्हणजे आता माझ्या सुट्टीच्या दिवशी मावशी नाहीत. आईचे गुडघे दुखतात. तेव्हा गुरुवारची भांडी कोणाकडे आली ते मंडळींनी ओळखलंच असेल.

रास्तापेठी
शेवटचा हातोडा :))

शंकासुर
एक मिनिट. गुरुवारी पाणी नसतं ना? मग घासणार कशाने?

भोसरी_फर्स्टशिफ्ट
बुधवारी रात्रीच पिंपं भरून ठेवतो.